दुसऱ्या रात्रीचा हिशेब

वाचकांचे प्रश्न : गुडघेबदलानंतरचं दुखणं
उत्तरं : भूलतज्ज्ञ आणि फिजिओथेरपिस्ट

गुडघा बदललेल्या किंवा बदलायच्या तयारीत असलेल्या मंडळींचे, आणि त्याहून जास्त त्यांच्या मुला-सुनांचे प्रश्न या वेळी एकत्र घेतले आहेत. उत्तरांत दिलेली औषधांची मात्रा साधारण प्रौढ माणसासाठी आहे. वजन, किडनी, लिव्हर आणि आधीपासून चालू असलेल्या गोळ्या पाहून ती बदलते. तुमच्या डॉक्टरांच्या चिठ्ठीवर वेगळं लिहिलं असेल तर चिठ्ठी खरी.

आईचं (वय ६८) उजव्या गुडघ्याचं ऑपरेशन पुढच्या महिन्यात आहे. शेजारच्या काकूंना पाठीत नळी ठेवून पंप लावला होता, त्यांना दोन दिवस काहीच दुखलं नाही म्हणे. आमचे भूलतज्ज्ञ मात्र ‘मांडीत एक इंजेक्शन आणि सांध्यात औषध, बास’ म्हणतात. खर्च वाचवायला तर नाही ना हे? सगळ्यात जोरदार उपाय कोणता?
– कोथरूड

नुसत्या जोराचा विचार केला तर पाठीतली नळी, म्हणजे एपिड्यूरल, कुठेच कमी पडत नाही. पण गुडघा बदलल्यावर न दुखणं एवढ्यावर भागत नाही. त्याच दिवशी संध्याकाळी किंवा दुसऱ्या दिवशी सकाळी वॉकर धरून उभं राहायचं असतं, गुडघा वाकवायचा असतो. तिथे एपिड्यूरल आडवं येतं. ते कमरेखालचे दोन्ही पाय थोडेफार जड करतं, म्हणजे ज्या पायाचा काही गुन्हा नाही तोही. बीपी उतरतं, उभं राहताना चक्कर येते, लघवी अडते म्हणून लघवीची नळी राहते. शिवाय रक्ताची गाठ होऊ नये म्हणून पोटावर जे इंजेक्शन देतात, त्याच्याशी या नळीचं वेळापत्रक जुळवावं लागतं. एनॉक्सापॅरिनचा नेहमीचा ४० मिलिग्रॅमचा डोस दिल्यानंतर किमान १२ तास नळी काढायची नाही, आणि काढल्यावर किमान ४ तास पुढचा डोस द्यायचा नाही. यात गडबड झाली तर मणक्यात रक्त साचण्याचा धोका असतो. तो क्वचितचा आहे, पण पाय कायमचा लुळा करणारा आहे.

एपिड्यूरलला पर्याय म्हणून जांघेतला फीमोरल ब्लॉक आला (ब्लॉक म्हणजे नसेभोवती औषध टोचून तेवढा भाग बधिर करणं). एकाच पायाचं दुखणं थांबलं, पण मांडीचा पुढचा स्नायूही झोपी गेला. गुडघा ताठ धरून ठेवणारा स्नायू हाच. पेशंट ‘काही दुखत नाही’ म्हणून उठायचा आणि पाय मुडपून खाली बसायचा. म्हणून इंजेक्शनची जागा जांघेतून खाली, मांडीच्या मध्यावर आतल्या बाजूला सरकली. याला ॲडक्टर कॅनॉल ब्लॉक म्हणतात. सोनोग्राफीत बघत १५ ते २० मिली औषध सोडतात. तिथून जाणारी मुख्य नस संवेदनेची आहे, त्यामुळे स्नायूची ताकद बरीचशी शाबूत राहते. असर साधारण १२ ते २४ तास.

या ब्लॉकची उणीव एकच, गुडघ्याच्या मागची बाजू त्यात येत नाही. ती भरून काढतं सांध्यातलं औषध. नवा सांधा बसवताना सर्जन स्वतः मागचं आवरण, बाजूचे बंध आणि कातडीखालचा थर यांत १०० ते १५० मिली मिश्रण थोडं थोडं टोचत जातो. त्यात रोपिव्हाकेनसारखं बधिरीचं औषध, रक्तस्राव कमी करून असर लांबवणारं ॲड्रेनलिन आणि बहुधा किटोरोलॅक हे सूज उतरवणारं वेदनाशामक असतं. सिडनीच्या केर आणि कोहान या डॉक्टरांनी २००८ मध्ये ही पद्धत तपशिलानं मांडली आणि नंतर ती जगभर गेली. प्रॉस्पेक्ट नावाच्या तज्ज्ञगटाने २०२२ मध्ये गुडघेबदलासाठी ज्या शिफारशी केल्या त्यातही हीच जोडी आहे : सांध्यात औषध आणि एकदाच दिलेला ॲडक्टर कॅनॉल ब्लॉक, सोबतीला पॅरासिटामॉल, सूज उतरवणारी वेदनाशामक गोळी आणि शिरेतून डेक्सामिथासोन या स्टेरॉइडचा एक डोस. एपिड्यूरल आणि फीमोरल ब्लॉक त्यांच्या नेहमीच्या यादीत नाहीत.

तेव्हा तुमच्या भूलतज्ज्ञांनी सांगितलेला बेत काटकसरीचा नाही, आजच्या रीतीचा आहे. त्यांना एवढंच विचारा, ‘ब्लॉक किती वाजता उतरेल आणि तेव्हा पोटात कोणती गोळी असेल?’ या प्रश्नाला नेमकं उत्तर मिळालं तर आई चांगल्या हातात आहे.

ब्लॉक कुठलाही असो, पहिले २४ तास एकटीने पलंगावरून उतरायचं नाही. ताकद ‘बरीचशी’ शाबूत असते, पूर्ण नव्हे.

वडिलांचं ऑपरेशन सकाळी ११ ला झालं. संध्याकाळी बाबा हसत चार पावलं चालले, सगळ्यांना फोन केले. दुसऱ्या दिवशी संध्याकाळपासून मात्र असं दुखायला लागलं की रात्रभर डोळा नाही. मांडीही ठणकत होती. ऑपरेशनमध्ये काही चुकलं का?
– सदाशिव पेठ

बहुधा काही चुकलेलं नाही, पण हिशेब मात्र कुणीतरी चुकवला. घड्याळ लावून बघा. ११ ला पाठीत दिलेली भूल दुपारी दोन-तीनपर्यंत उतरते आणि पाय हलू लागतात. सांध्यात टोचलेलं औषध रात्रीपर्यंत साथ देतं. मांडीतला ब्लॉक दुसऱ्या दिवशी पहाटे ते दुपार यादरम्यान कधीतरी संपतो. सूज मात्र उलट्या दिशेने चालते, ती दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सगळ्यात जास्त असते. म्हणजे पांघरूण काढून घ्यायला आणि थंडी वाढायला एकच गाठ. त्यात पहिल्या संध्याकाळी ‘दुखत नाही ना, मग गोळी कशाला’ म्हणून घरचेच गोळ्या परत पाठवतात.

चूक नेमकी तिथे होते. गोळी दुखण्यासाठी नसते, दुखणं यायच्या आधीच्या वेळेसाठी असते. पॅरासिटामॉलला असर दाखवायला अर्धा ते एक तास लागतो, ट्रॅमाडॉलचा जोर चढायला दोन तास. दुखणं दहापैकी आठवर गेल्यावर घेतलेली गोळी ते पाचवर आणेल, पण तोवर रात्रीचे तीन वाजलेले असतात. म्हणून पहिले तीन-चार दिवस पॅरासिटामॉल आणि सूज उतरवणारी गोळी घड्याळाच्या काट्यावर घ्यायची, दुखो न दुखो. ट्रॅमाडॉलसारखी जड गोळी तेवढी लागेल तशी. ब्लॉक असताना ठरलेली गोळी चुकवली नाही तर तो उतरल्याचं कळतं, पण झोप उडत नाही.

मांडीचं दुखणं वेगळं. रक्त थांबवण्यासाठी मांडीवर हवेचा पट्टा फुगवून बांधतात, ऑपरेशनभर तो करकचून असतो. त्याचा ठणका आणि कधी निळसर डाग काही दिवस राहतो. तिथे बर्फ चालतो.

मात्र ठरलेल्या सगळ्या गोळ्या पोटात असूनही दुखणं तासातासाला चढतच असेल, पोटरी दगडासारखी कडक झाली असेल, बोटं वर-खाली केल्यावर जीव जात असेल किंवा पाऊल वर उचलता येत नसेल, तर ‘ब्लॉक उतरतोय’ म्हणून कुणाचं ऐकू नका. त्याच रात्री नर्सकरवी डॉक्टरांना बोलवा.

डिस्चार्जच्या वेळी आईला (वजन ४८ किलो) चिठ्ठी मिळाली : पॅरासिटामॉल ६५० तीनदा, ट्रॅमाडॉल-पॅरासिटामॉलची जोडगोळी तीनदा, एटोरिकॉक्सिब ९० एकदा. तरी दुखलं तर ती घरातली कॉम्बिफ्लाम घेते, दिवसाला दोन. एवढं चालतं ना?
– सिंहगड रस्ता

नाही चालत. का ते पाकिटं हातात घेऊनच पाहू. जोडगोळीच्या पट्टीची मागची बाजू उजेडात धरा. बारीक अक्षरात ट्रॅमाडॉल ३७.५ आणि पॅरासिटामॉल ३२५ असं दिसेल. कॉम्बिफ्लामवर आयबुप्रोफेन ४०० आणि पॅरासिटामॉल ३२५. आता बेरीज करा. ६५० गुणिले ३ म्हणजे १९५०. ३२५ गुणिले ३ म्हणजे ९७५. कॉम्बिफ्लामच्या दोन म्हणजे ६५०. एकूण ३५७५ मिलिग्रॅम पॅरासिटामॉल. धडधाकट, चांगल्या वजनाच्या माणसाला दिवसाची कमाल मर्यादा ४००० मिलिग्रॅम असते. पण वजन ५० किलोच्या आत असेल तर दर किलोमागे दिवसाला ६० मिलिग्रॅमपर्यंतच थांबतात. आईच्या ४८ किलोंना ती मर्यादा २८८० होते. कॉम्बिफ्लाम नसतानाही चिठ्ठीतली बेरीज २९२५ आहे, म्हणजे काठावरून पलीकडे गेलेलीच.

दुसरं, एटोरिकॉक्सिब आणि आयबुप्रोफेन एकाच कुळातली. दोन्ही घेऊन आराम दुप्पट होत नाही. पोटातला अल्सर, किडनीवरचा ताण आणि बीपी मात्र वाढतं. रक्त पातळ ठेवणारी गोळी (ॲपिक्साबॅन, रिव्हारॉक्साबॅन किंवा ॲस्पिरिन) चालू असणारच, तिच्या जोडीला हे म्हणजे रक्तस्रावाला आमंत्रण. शौचाचा रंग डांबरासारखा काळा झाला तर सकाळची वाट बघायची नाही.

आजच डॉक्टरांना फोन करून वजन सांगा आणि बेरीज वाचून दाखवा. बहुतेक वेळा साधी ६५० कमी करतात किंवा जोडगोळीऐवजी सुटं ट्रॅमाडॉल देतात. कॉम्बिफ्लामचं पाकीट डब्यातून काढून टाका. घरात दिसलं की हात जातोच.

गोळ्या कमी करताना क्रम लक्षात ठेवा. आधी ट्रॅमाडॉल सुटायला हवं, बहुतेकांचं ते एक ते दोन आठवड्यांत सुटतं. आधी दुपारची गोळी सोडायची, मग सकाळची, रात्रीची शेवटी. नंतर सूज उतरवणारी गोळी, आणि सगळ्यात मागून पॅरासिटामॉल. लोक नेमकं उलटं करतात. ‘साधी’ म्हणून पॅरासिटामॉल आधी सोडतात आणि ‘चांगली लागू पडते’ म्हणून ट्रॅमाडॉल महिनाभर चालू ठेवतात. ट्रॅमाडॉल २०१८ पासून अमली पदार्थांच्या कायद्याखाली आलं आहे. दुकानदार चिठ्ठीशिवाय देत नाही म्हणून त्याच्यावर रागावू नका.

वडील ७४ वर्षांचे, मधुमेह, बीपीसाठी टेल्मिसार्टन आणि पाणी काढणारी गोळी एकत्र असलेली. क्रिएटिनिन (किडनीचं काम दाखवणारा रक्तातला आकडा) १.६. सर्जन म्हणाले पेनकिलर देता येणार नाही. मग ते सहन कसं करणार?
– हडपसर

‘पेनकिलर’ म्हणताना डॉक्टरांच्या मनात डायक्लोफेनॅक, एसिक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन, एटोरिकॉक्सिब हे एकच कुळ असतं. सगळेच उपाय बंद झाले असा त्याचा अर्थ नाही.

हे कुळ का नको ते समजून घ्या, म्हणजे उद्या कुणी ‘एक इंजेक्शन मारून घ्या’ म्हटलं तर नाही म्हणता येईल. किडनीच्या गाळणीला एक नळ रक्त आणतो, एक नेतो. आत दाब राहिला तरच गाळण होतं. टेल्मिसार्टन बाहेर जाणारा नळ सैल करतं. पेनकिलर आत येणारा नळ आवळतं. पाणी काढणारी गोळी टाकीतलंच पाणी कमी करते. तिन्ही एकदम झालं की गाळणीतला दाब कोसळतो, आणि ऑपरेशनच्या दिवशी उपाशी राहणं, रक्त जाणं, उलट्या होणं यांची त्यात भर पडते. आधीच १.६ असलेलं क्रिएटिनिन दोन-तीन दिवसांत तिप्पट झालेलं दिसतं ते यामुळे.

बाबांसाठी उरतात ते उपाय : मांडीतला ब्लॉक, हवा तर त्यात बारीक नळी ठेवून दोन-तीन दिवस चालू ठेवलेला, सांध्यातलं औषध, पण किटोरोलॅक वगळून (हे सर्जनना आदल्या दिवशी पुन्हा आठवण करून सांगा, मिश्रण बऱ्याचदा ठरलेल्या साच्यात तयार होतं), पॅरासिटामॉल घड्याळावर, बर्फ, आणि गरजेपुरतं ट्रॅमाडॉल, तेही किडनीच्या क्षमतेनुसार मात्रा कमी करून आणि दोन डोसांमधलं अंतर वाढवून. डेक्सामिथासोनचा एक डोस दुखणं आणि मळमळ दोन्ही कमी करतो, पण एक-दोन दिवस साखर उसळते. तेवढे दिवस साखर जास्त वेळा तपासायची, घाबरायचं नाही.

ऑपरेशनच्या दिवशी सकाळी टेल्मिसार्टनची गोळी घ्यायची की नाही, हे भूलतज्ज्ञांना आधी विचारून ठेवा.

आईच्या दंडावर सात दिवसांचा पॅच लावून घरी पाठवलंय. आंघोळीत त्याचा कोपरा सुटला. दुसरा लावू का? आणि तिला सारखी मळमळ होतेय.
– चिंचवड

पाकिटावर ब्युप्रेनॉर्फिन ५ किंवा १० असं असेल. तो आकडा दर तासाला कातडीतून जाणाऱ्या मायक्रोग्रॅमचा. पॅचचा स्वभाव बैलगाडीसारखा, निघायला वेळ आणि थांबायलाही वेळ. पूर्ण असर यायला एक ते तीन दिवस लागतात आणि काढल्यावर रक्तातलं औषध निम्म्यावर यायलाच साधारण १२ तास जातात. आमचं मत विचाराल तर पहिल्या रात्रीच्या दुखण्याला पॅचचा उपयोग थोडा आणि चौथ्या दिवशीच्या गुंगीला जास्त. तरी गोळ्या पोटाला चालत नाहीत अशांना त्याचा आधार होतो.

कोपराच सुटला असेल तर कडेने कागदी चिकटपट्टी लावा. पूर्ण निघाला असेल तर नवा लावायचा, पण दुसऱ्या जागी, आणि डॉक्टरांना विचारूनच. लावायची रीत अशी : दंडाची बाहेरची बाजू, छातीचा वरचा भाग किंवा पाठीचा वरचा भाग निवडायचा. केस असतील तर कात्रीने कापायचे, दाढीचं ब्लेड फिरवायचं नाही, कारण सोललेल्या कातडीतून औषध जास्त जातं. जागा नुसत्या पाण्याने पुसायची, साबण, तेल, पावडर काही नाही. पूर्ण कोरडी होऊ द्यायची. पॅच चिकटवून तळहाताने अर्धा मिनिट दाबून धरायचा. तारीख आणि वेळ कॅलेंडरवर लिहायची. पुढचा पॅच लावायच्या आधी जुना काढलाय ना ते बघायचं. पाठीवरचा जुना पॅच विसरून दंडावर नवा, हे फार वेळा होतं. जुना चिकट बाजू आत घेऊन दुमडायचा आणि नातवंडांच्या हाताला लागणार नाही असा टाकायचा.

पॅचवर गरम पाण्याची पिशवी, हीटर, उन्हात बसणं नको. उष्णतेने औषध वेगाने आत शिरतं. मळमळ पहिले दोन-तीन दिवस असते, ऑनडानसेट्रॉनने थांबते. पण आई हाक मारल्यावर नीट जागी होत नसेल किंवा श्वास संथ झाला असेल तर पॅच काढून थेट हॉस्पिटल. सर्दीसाठी सिट्रिझीन किंवा झोपेची गोळी स्वतःहून जोडू नका.

पाकिटावर फेंटॅनिल लिहिलं असेल तर लावायच्या आधी थांबा आणि फोन करा. तो पॅच आधीपासून मॉर्फीनच्या जातीची औषधं नियमित घेणाऱ्यांसाठी असतो. नुकत्याच झालेल्या ऑपरेशनच्या दुखण्यासाठी आणि नवख्या पेशंटला तो धोक्याचा आहे.

डिसेंबरची थंडी, त्यात आजीला बर्फ लावायला सांगितलाय. शेकलं तर नाही का चालणार? आणि नारायण तेल?
– बिबवेवाडी

पहिले सहा आठवडे तरी बर्फच. गुडघा आतून आधीच तापलेला असतो, हाताला गरम लागतो, आणि ती ऊब काही महिने राहते. त्यावर शेक म्हणजे सुजेला खतपाणी. एका वेळी १५ ते २० मिनिटं, दिवसातून चार-पाचदा, आणि व्यायामानंतर चुकवायचं नाही. फ्रीजरमधल्या मटारच्या पिशवीसारखं सोयीचं दुसरं काही नाही, ती गुडघ्याच्या आकाराला बसते. मध्ये पातळ कोरडा पंचा हवाच. दर पाच मिनिटांनी पंचा उचलून कातडी बघा. हे सांगण्याचं कारण असं की टाक्यांच्या बाहेरच्या बाजूची तळहाताएवढी जागा बधिर असते. तिथली बारीक नस चिरेत तुटते, हे जवळजवळ सगळ्यांचं होतं. तिथे बर्फाने चटका बसला तरी आजीला कळणार नाही, गरम पिशवीने भाजलं तरी नाही. आजीला थंडी वाजत असेल तर वर स्वेटर, पायात मोजे, अंगावर गोधडी. गुडघा तेवढा उघडा.

तेल टाक्यांवर नाही, खपल्या पूर्ण पडेपर्यंत नाही. पोटरीला तर मालिश मुळीच नको, तिथे रक्ताची गाठ असेल तर सुटून फुप्फुसात जाऊ शकते.

आणखी एक, जे कुणी विचारत नाही. बरं वाटतं म्हणून गुडघ्याखाली उशी ठेवू नका. त्या आरामात गुडघा वाकलेलाच आखडतो आणि नंतर पाय सरळ होत नाही. उशी टाचेखाली, गुडघा अधांतरी. दुखेल, पण तीच जागा बरोबर.

फिजिओ येण्याआधी गोळी घेतली तर ‘खोटा आराम’ मिळून जास्त ताण बसेल का?
– औंध

नाही. व्यायामाच्या ४५ मिनिटं ते तासभर आधी गोळी घ्याच. न घेतल्याने स्नायू आवळून बसतो आणि वाकणं अडतं. व्यायामात दुखणं दहापैकी चार-पाचपर्यंत जाऊन तासाभरात खाली आलं तर मात्रा योग्य आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी सूज आदल्या दिवसापेक्षा जास्त दिसली तर आधी फेऱ्या कमी करा, व्यायाम सोडू नका. पाय आपोआप वाकवणारं यंत्र भाड्याने आणण्याची घाई नको, त्याने पडणारा फरक अगदी थोडा.

ऑपरेशनच्या तिसऱ्या रात्री आई असंबद्ध बोलू लागली. ‘गाडी आली, ट्रंक भरा’ म्हणत होती. सगळी औषधं बंद करायला सांगू का?
– वारजे

सगळी बंद नको. न शमलेलं दुखणंही वयस्कर माणसाला असंच भ्रमात नेतं. आधी कारण शोधायला लावा : साखर, ऑक्सिजन, सोडियम, ताप आणि तुंबलेली लघवी. लघवी अडलेली म्हातारी माणसं पोट दुखतं असं सांगत नाहीत, ती पलंगावरून उतरू पाहतात.

मग औषधांची यादी बघा. पहिला संशय प्रीगॅबालिन किंवा गॅबापेंटिन या नसांच्या दुखण्यावरच्या गोळीवर. एके काळी ही गोळी गुडघेबदलाच्या प्रत्येक चिठ्ठीत असायची. आता तिचा फायदा किरकोळ आणि गुंगी, तोल जाणं जास्त, असं दिसून आलं आहे. साठीपुढच्यांना तर ती सरसकट देऊच नये या मताचे आम्ही आहोत. दुसरा ट्रॅमाडॉलवर, विशेषतः आईला मनाच्या आजारासाठी एस्सिटालोप्राम किंवा त्या जातीची गोळी चालू असेल तर. दोन्हींच्या जोडीने घाम, थरथर, बेचैनी येते आणि हे तातडीचं असतं. ट्रॅमाडॉल देण्याआधीच ही गोळी चालू असल्याचं डॉक्टरांना सांगायला हवं. ‘कशाला सांगायचं मनाच्या गोळ्यांचं’ म्हणून घरचे हे लपवतात.

बाकी घरचे उपाय औषधांइतकेच कामाचे. चष्मा, कानातलं यंत्र, कवळी लगेच परत द्या. दिवसा पडदे उघडे, रात्री दिवा मंद. खोलीत एक ओळखीचं माणूस. वाद घालू नका, ‘गाडी उद्याची आहे’ म्हणा. बहुतेकांचं काही दिवसांत ओसरतं.

दोन्ही गुडघे एकदम केले तर दुखणं दुप्पट?
– धनकवडी

दुप्पट नाही, पण टेकायला ‘चांगला पाय’ उरत नाही. सांध्यात टोचायच्या बधिरीच्या औषधाची एकूण मर्यादा वजनावर ठरते, ती दोन गुडघ्यांत वाटावी लागते. त्यामुळे इथे एपिड्यूरलला अजून जागा आहे. औषध जास्त झाल्याची पहिली लक्षणं म्हणजे जीभ बधिर होणं, तोंडाला धातूची चव, कानात घूं आवाज. पेशंटने असं काही सांगितलं तर ताबडतोब नर्सला सांगा.

गोळ्यांनी पोट साफ होत नाही. इसबगोल चालू आहे.
– कसबा पेठ

ट्रॅमाडॉल आणि पॅच आतड्याची चालच मंद करतात. तिथे नुसतं इसबगोल, तेही पाणी कमी पिऊन, म्हणजे बंद रस्त्यावर आणखी माल उतरवणं. पहिल्या दिवसापासून रात्री लॅक्टुलोज १५ मिली किंवा बिसाकोडिल ५ मिलिग्रॅम मागून घ्या. पुरंदरचे अंजीर मोसमात असतील तर जरूर खा, औषधाला पूरक म्हणून. कमोड उंच हवा. जुन्या वाड्यात तो नसेल तर खुर्चीचा कमोड भाड्याने मिळतो. चार दिवस झाले, पोट फुगलं आणि उलटी आली तर जुलाब घेऊ नका, दाखवा.

ऑपरेशनला साडेतीन महिने झाले. एक्स-रे चांगला म्हणतात, तरी दुखतंच. गल्लीतल्या डॉक्टरांनी अँटिबायोटिक सुरू केलंय.
– येरवडा

आधी त्या अँटिबायोटिकचं बोलू. आत जंतूचा संशय असेल तर सर्जन सांध्यातलं पाणी सुईने काढून तपासायला पाठवतात. त्याआधी अँटिबायोटिक पोटात गेलं की जंतू तपासणीत उगवत नाहीत, आणि आजार लपून आतच राहतो. तेव्हा सर्जनना आजच गाठा आणि कोणती गोळी किती दिवस घेतली ते सांगा.

साडेतीन महिन्यांना थोडं दुखणं, जिना उतरताना ओढ, संध्याकाळी सूज हे चालतं, वर्षभर सुधारणा होत राहते. पण गुडघा बदललेल्या पाचांपैकी जवळजवळ एकाला पुढेही मध्यम ते तीव्र दुखणं राहतं. हे ऑपरेशनच्या आधी कुणी मोकळेपणाने सांगत नाही. फरक ओळखायला तीन प्रश्न पुरे. दुखणं हळूहळू कमी होतंय, की कमी झालेलं पुन्हा वाढलंय? चालताना दुखतं, की नुसतं पडून राहिल्यावर, रात्रीही? टाक्यांतून कधी पाणी आलं? वाढलेलं, रात्रीचं आणि पाझरणारं दुखणं जंतूचं समजूनच तपासतात. सीआरपी (शरीरातली सूज, जंतू यांची चाहूल देणारी रक्ततपासणी) साधारण सहा आठवड्यांत पूर्ववत व्हायला हवा. साडेतीन महिन्यांनी तो चढलेला असेल तर त्याला अर्थ आहे.

सीआरपी ठीक असेल तर खुबा आणि कणा तपासून घ्या. खुब्याचं दुखणं गुडघ्यात उतरतं, कमरेच्या नसेचंही. आणि हात लावला तरी आग होणं, कातडीचा रंग बदलणं, गुडघा घट्ट होत जाणं असं असेल तर ते नसांचं दुखणं आहे, त्याला ट्रॅमाडॉल वाढवून उपयोग नाही. त्याची औषधं वेगळी, आणि जितकी लवकर सुरू होतील तितकं बरं.

हॉस्पिटलमधून धायरीला घरी न्यायचंय. रिक्षा चालेल? घर दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही.
– धायरी

रिक्षा नको. पाय लांब करता येत नाही आणि प्रत्येक गतिरोधक गुडघ्यात मोजला जातो. साधी, फार उंच नसलेली कार घ्या. पुढची सीट पूर्ण मागे सरकवून पाठ थोडी कलती करा. सीटवर प्लॅस्टिकची पिशवी पसरा, तिच्यावर बसून वळणं सोपं जातं. वळून झालं की पिशवी काढून टाका. ठरलेली गोळी निघण्याआधी तासभर. जिना चढताना चांगला पाय आधी वर, उतरताना ऑपरेशनचा पाय आधी खाली. एका हाताने कठडा, दुसऱ्या हातात काठी. एक माणूस चढताना मागे, उतरताना पुढे. पहिल्या मजल्याच्या कट्ट्यावर खुर्ची आधीच ठेवून या.